रिपोर्ट ‘नॉर्मल’ आहे, म्हणजे नेमकं काय?

“डॉक्टर, सगळं नॉर्मल आहे ना?”

दवाखान्यात दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारा प्रश्न हाच. रिपोर्टचा कागद टेबलावर ठेवताना, फोनवर पीडीएफ पाठवून झाल्यावर, सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर येता येता. मराठीत ‘सामान्य’, ‘सर्वसाधारण’ असे शब्द आहेत, पण “माझी शुगर सामान्य आली” असं कोणी म्हणत नाही. शुगर ‘नॉर्मलच’ येते. शब्द आपलाच झाला आहे, त्याला हरकत नाही.

अडचण वेगळी आहे. घरी या शब्दाचा एकच अर्थ असतो: काळजीचं कारण नाही. प्रयोगशाळा तो वेगळ्याच अर्थाने छापते आणि आम्ही डॉक्टर मंडळी दिवसभरात तो चार-पाच अर्थांनी वापरतो, तोही घाईत. या गोंधळात कुणाच्या बीपीच्या गोळ्या बंद होतात, छातीत दुखणारा माणूस ईसीजीचा कागद घेऊन घरी झोपून राहतो, तर कुणाच्या खऱ्या दुखण्याला घरचे नाटक म्हणतात. म्हणून हा एक शब्द नीट समजून घेऊ.

९८.६ ची गोष्ट

सुतार किंवा गवंडी काटकोन तपासायला जो गुण्या वापरतात, त्याला लॅटिन भाषेत ‘नॉर्मा’ म्हणत. गुण्याला बरोबर लागतं ते नॉर्मल, असा हा शब्द. वैद्यकात तो रुळला एकोणिसाव्या शतकात, जेव्हा माणसाचं शरीरही आकड्यांनी मोजायला सुरुवात झाली.

जर्मनीतल्या लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिख यांनी हजारो रुग्णांचं तापमान पुन्हा पुन्हा मोजलं आणि १८६८ साली पुस्तक प्रसिद्ध केलं. ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ अंश फॅरेनहाइट, हा आकडा तिथून जगभर गेला. तुमच्या घरातल्या थर्मामीटरपर्यंत तोच पोचला आहे. १९९२ साली अमेरिकेत निरोगी प्रौढांचं तापमान नव्याने मोजलं, तेव्हा सरासरी ९८.२ च्या आसपास निघाली. शिवाय तापमान पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असतं, हा फरक एका अंशाच्या आसपास असू शकतो. त्यामुळे संध्याकाळी थर्मामीटरवर ९९ दिसलं म्हणून मुलाला ताप आला, असं लगेच समजू नका. नॉर्मल हा एक बिंदू नसतो, पट्टा असतो, आणि तो दिवसाच्या वेळेप्रमाणेही थोडा सरकतो.

रिपोर्टवरचा पट्टा कसा ठरतो

रक्ताच्या रिपोर्टमध्ये तुमच्या आकड्याशेजारी एक पट्टा छापलेला असतो. तो ठरवण्याची नेहमीची पद्धत अशी: बऱ्याच निरोगी लोकांचं रक्त तपासायचं, आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून द्यायचे आणि मधले ९५ टक्के ज्या आकड्यांमध्ये बसतात तो पट्टा छापायचा.

याचा अर्थ नीट पाहा. सोडून दिलेले ते पाच टक्के लोकसुद्धा निरोगीच होते. म्हणजे पूर्ण धडधाकट अशा शंभर माणसांपैकी पाचांचा आकडा पट्ट्याच्या बाहेर जाणारच, कारण पट्टा तसाच आखला आहे. आता ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये साठ-सत्तर तपासण्या असतात. त्यातल्या एक-दोन तरी ठळक अक्षरात, शेजारी ‘एच’ किंवा ‘एल’ लिहून येणं हे जवळजवळ ठरलेलंच. रविवारी रात्री तो रिपोर्ट फोनवर येतो, घरात कोणीतरी तो शब्द गूगलवर टाकतं आणि सोमवारी सकाळी अख्खं कुटुंब दवाखान्यात हजर असतं. बहुतेक वेळा आकडा पट्ट्याच्या कडेला किंचित बाहेर असतो आणि त्याला काही अर्थ नसतो. मात्र तो ठरवायचा कुणी, तर ज्याने तुम्हाला तपासलं आहे त्याने.

प्रत्येक प्रयोगशाळेचं यंत्र आणि पद्धत वेगळी असल्यामुळे पट्टेही थोडे वेगळे असतात. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या पट्ट्याशी ताडून पाहू नका.

वय आणि अवस्था हीसुद्धा पाहावी लागते. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये हाडं वाढत असल्यामुळे अल्कलाइन फॉस्फेटेज मोठ्यांपेक्षा जास्त असतं. रिपोर्टवर मोठ्यांचा पट्टा छापलेला असेल, तर आई-बाबांना वाटतं मुलाचं लिव्हर बिघडलं. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं तर आपण रक्त कमी आहे म्हणतो. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, म्हणून ही रेषा साधारण ११ वर धरतात.

आता याच्या उलट बाजू, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आकडा पट्ट्यात आहे म्हणून सगळं ठीक आहे, असंही नाही.

किडनीच्या कामाचा अंदाज घ्यायला आपण क्रिएटिनिन करतो. क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होतं. समजा पंचविशीतला तरुण आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या किरकोळ अंगाच्या आजी, दोघांचंही क्रिएटिनिन १.१ आलं. पुष्कळ रिपोर्टवर दोघांच्याही आकड्याखाली रेघ नसेल. पण वय आणि लिंग धरून किडनीची गाळण्याची क्षमता मोजली, तर तरुणाची साधारण ९५ येते आणि आजींची साधारण ५०. आजींच्या किडन्या जवळजवळ अर्ध्या ताकदीने चालल्या आहेत आणि कागदावर मात्र ‘नॉर्मल’. अशा आजींना गुडघेदुखीसाठी कोणीतरी महिनाभर वेदनाशामक गोळ्या सुरू करतं, तेव्हा किडनीचं उरलेलं बळही जाऊ शकतं. म्हणून घरातल्या वयस्कर माणसाचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आला की ‘ईजीएफआर’ किती आहे तेही विचारा. हल्ली बऱ्याच लॅब ते छापतात. छापलं नसेल तर डॉक्टर वय आणि आकडा टाकून मिनिटभरात काढू शकतात.

गोळी घेऊन नॉर्मल

आता ज्यामुळे सगळ्यात जास्त नुकसान होतं त्या अर्थाकडे येऊ.

बीपी १६०/१०० होतं. गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी १२४/८०. रुग्ण खूश, घरचेही खूश. “आता नॉर्मल आलं ना, मग गोळी कशाला? उगाच सवय लागायची.” गोळी बंद. पुढचं वर्षभर माणसाला काहीच होत नाही, कारण वाढलेल्या बीपीचा त्रास बहुतेकांना जाणवतच नाही. मग एका सकाळी बोलताना जीभ जड होते आणि उजवा हात उचलत नाही.

छत्रीखाली आपण कोरडे असतो, म्हणून पाऊस थांबला असं होत नाही. १२४/८० हा आकडा तुमचा नाही, तो तुमचा आणि गोळीचा मिळून आहे. गोळी काढली की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, बीपी पुन्हा मूळ जागी जातं. काही गोळ्या तर अचानक थांबवल्या की बीपी किंवा छातीतली धडधड पूर्वीपेक्षा जोरात उसळते. राहिली ‘सवय’. बीपीच्या गोळीची सवय लागत नाही. आजार राहतो म्हणून गोळी राहते.

थायरॉइडचं असंच, फक्त फसगत अधिक गोड. टीएसएच नॉर्मल आला म्हणून गोळी थांबवली, तरी पहिले काही आठवडे माणूस छान असतो. थायरॉक्सिन शरीरातून निम्मं कमी व्हायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे परिणाम हळूहळू दिसतो. “बघा, गोळी सोडून महिना झाला, काही झालं नाही,” असं सांगणाऱ्या ताई तिसऱ्या महिन्यात सुजलेला चेहरा आणि गळणारे केस घेऊन येतात.

फिट्स येणाऱ्या रुग्णाने तर हा प्रयोग कधीच करू नये. वर्षभर झटका आला नाही, हे गोळीचं काम आहे. एकदम बंद केली तर झटक्यामागून झटके येऊन जीव धोक्यात येतो. निदान दोन वर्षं झटका नसेल तर डॉक्टर विचार करतात, आणि तेव्हाही डोस हळूहळू उतरवतात. टीबीतही पहिल्या दोन महिन्यांत खोकला-ताप जातो, वजन वाढतं, सगळं नॉर्मल वाटतं. पण औषधांचा कोर्स निदान सहा महिन्यांचा असतो, कारण उरलेले जंतू अजून शिल्लक असतात.

गोळी कधीच कमी होत नाही, असंही मी म्हणणार नाही. वजन चांगलं उतरलं, लोणचं-पापड-फरसाण आवरलं, चालणं नियमित झालं, तर बीपीचा किंवा शुगरचा डोस खरंच कमी होऊ शकतो, काहींचा सुटतोही. तुम्हाला ते हवं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आम्हाला असा प्रश्न आवडतो. गुपचूप बंद करून पुढच्या तपासणीच्या आधी चार दिवस पुन्हा सुरू करणं मात्र करू नका. त्या चार दिवसांमुळे आम्हाला खोटा आकडा दिसतो आणि आम्ही चुकीचा निर्णय घेतो.

तुमचं नॉर्मल आणि छापील नॉर्मल

काही रुग्णांमध्ये छापील नॉर्मल आकडा आला, तर आम्हाला घाम फुटतो.

हृदयाची झडप बदलून धातूची बसवली आहे आणि रक्त पातळ ठेवायची गोळी, वॉरफेरिन किंवा त्याच कामाची अॅसिनोकुमारोल, चालू आहे, असा रुग्ण घ्या. त्याचा आयएनआर तपासतात. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा तो १ च्या आसपास असतो. या रुग्णाचा मात्र झडप कोणती आणि कुठे बसवली आहे त्याप्रमाणे बहुधा २ ते ३ किंवा २.५ ते ३.५ असा ठेवायचा असतो. रिपोर्टवर २.८ च्या शेजारी ‘हाय’ असं छापून येतं. घरचे घाबरतात आणि डॉक्टरांना न विचारता गोळी अर्धी करतात. पुढच्या वेळी आयएनआर १.१ येतो, कागदावर नॉर्मल, आणि झडपेवर रक्ताची गाठ बसण्याची भीती. या तपासणीत तुमचं लक्ष्य किती, हा आकडा फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं एलडीएल कोलेस्टेरॉल ११० आलं, तर पुष्कळ रिपोर्टवर ते ठीक दिसतं. पण त्याच्यासाठी ते जास्त आहे. त्याला ७० च्या खाली, पुष्कळदा ५५ च्याही खाली आणायचं असतं. याच कारणासाठी “कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे तरी डॉक्टर स्टॅटिन का देतात?” हा प्रश्न येतो.

मधुमेहात उलट दिशेने पाहा. एचबीएवनसी ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ किंवा अधिक म्हणजे मधुमेह, असं कागदावर असतं. औषधावर असलेल्या बहुतेक रुग्णांसाठी मात्र ७ च्या आसपास किंवा खाली हे चांगलं नियंत्रण. ऐंशीच्या घरातले, एकटे राहणारे, इन्सुलिन घेणारे आजोबा असतील तर आम्ही ८ लासुद्धा समाधान मानतो. मुलगा परदेशातून व्हिडिओ कॉलवर विचारतो, “बाबांचं नॉर्मल का येत नाही?” कारण बाबांना ‘नॉर्मल’ करायच्या हट्टापायी रात्री शुगर खाली जाऊन ते बाथरूममध्ये पडले, तर खुब्याचं हाड मोडेल.

पहिली तपासणी नॉर्मल आली तर

छातीच्या मधोमध दाब आल्यासारखं वाटतं, घाम फुटला आहे, डावा हात किंवा जबडा भरून आला आहे. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला. “ईसीजी नॉर्मल आहे.” घरी येऊन अॅसिडिटीची गोळी घेतली.

ईसीजी हा त्या दहा सेकंदांचा फोटो असतो. हार्ट अटॅकच्या सुरुवातीला तो नॉर्मल येऊ शकतो. रक्तातलं ट्रोपोनिनही वाढायला काही तास लागतात. म्हणून अशा रुग्णाला थांबवून ठेवतात, ईसीजी पुन्हा काढतात, काही तासांनी रक्त पुन्हा तपासतात. “एकदा नॉर्मल आला ना, मग दुसऱ्यांदा कशाला, बिल वाढवायला का?” असा संशय येतो हे मला माहीत आहे. या बाबतीत तरी तो बाजूला ठेवा. आणि कागद नॉर्मल असूनही दुखणं थांबत नसेल, तर कागदावर विसंबू नका. १०८ ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात जा.

लकव्यातही तेच. रक्ताची गुठळी अडकून आलेल्या झटक्यात पहिल्या काही तासांचा सीटी स्कॅन नॉर्मल दिसू शकतो. तो मुख्यतः मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे पाहायला काढलेला असतो. तोंड वाकडं झालं आहे, हात पडला आहे, तर स्कॅन काहीही म्हणो, उपचाराची वेळ निघून चालली आहे.

पावसाळ्यात डेंग्यू हमखास फसवतो. चार-पाच दिवस सणकून ताप, मग एका सकाळी अंग गार. “ताप नॉर्मल झाला, आता बरा झाला.” बहुतेक जण खरंच बरे होतात. पण ज्यांचा डेंग्यू गंभीर होतो, त्यांची अवघड वेळ नेमकी ताप उतरताना सुरू होते आणि एक-दोन दिवस टिकते. या काळात पोटात सारखं दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, मूल मलूल पडणं यातलं काहीही दिसलं तर थर्मामीटरकडे पाहू नका, रुग्णालयात न्या.

रिपोर्ट नॉर्मल, दुखणं खरं

“एमआरआय काढला, पंधरा तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल आहे. तरी हिचं डोकं दुखतंच.” शेजारी ती गप्प बसलेली असते.

मायग्रेन एमआरआयमध्ये दिसत नाही. चिंता आणि नैराश्य रक्तात दिसत नाही. आयबीएस नावाचा पोटाचा त्रास दुर्बिणीच्या तपासणीत दिसत नाही. या सगळ्यांचं निदान मुख्यतः रुग्णाचं नीट ऐकून होतं, आणि सगळ्यांवर उपचार आहेत. अशा वेळी तपासण्या कशासाठी करतात, तर मेंदूतली गाठ, आतड्यातला अल्सर असं काही धोक्याचं नाही ना हे पाहायला. ते नाही, एवढंच त्या नॉर्मल रिपोर्टने सांगितलं.

इथे चूक आमच्या बाजूनेही होते. “काही नाही हो, सगळं नॉर्मल आहे,” असं म्हणून आम्ही फाईल बंद करतो. डॉक्टरांचं ‘काही नाही’ म्हणजे ‘जिवाला धोका असं काही नाही’. घरी पोचेपर्यंत त्याचं ‘हिला काही झालेलंच नाही’ असं होतं. सासूबाई, नवरा, कधी रुग्ण स्वतःसुद्धा ते खरं मानतो आणि पुढची दोन वर्षं मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून काढतो. महिन्यातले दहा-पंधरा दिवस अशा गोळ्या घेतल्या, तर त्यांच्यामुळेच डोकेदुखी वाढते, हे आणखी वेगळं.

नॉर्मल सलाइन, नॉर्मल डिलिव्हरी

सलाइनच्या बाटलीवर ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं म्हणून दोन शब्द. ते ०.९ टक्के मिठाचं पाणी आहे. लिटरला ९ ग्रॅम मीठ, बाकी काही नाही. दिवसभरात मोठ्या माणसाने मीठ ५ ग्रॅमच्या आत खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलं असेल तर हीच बाटली जीव वाचवते. “अशक्तपणा आहे, एक सलाइन लावून द्या,” यासाठी मात्र तिचा उपयोग नाही, आणि हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर त्रासच होतो. ग्लुकोजच्या अर्धा लिटर बाटलीतही पाच चमचे साखरेइतकंच ग्लुकोज असतं. एका भाकरीत त्याहून जास्त ताकद आहे.

आणि ‘नॉर्मल डिलिव्हरी’. हा शब्द आम्हीच रूढ केला आणि आता मला तो खटकतो. सिझेरियन झालेल्या बाईला बारशाला आलेली प्रत्येक बाई विचारते, “नॉर्मल नाही का झाली?” जणू तिचं काहीतरी चुकलं. बाळाचे ठोके मंदावले, वार खाली होती, बाळ आडवं होतं, तेव्हा सिझेरियन हाच योग्य मार्ग असतो. ‘योनीमार्गे प्रसूती’ हा शब्द घरात बोलायला जड वाटतो, हे कबूल. मग निदान “बाळ-बाळंतीण कशी आहे?” एवढंच विचारावं.

पुढच्या वेळी काय विचाराल

“नॉर्मल आहे ना?” हा प्रश्न विचाराच, पण त्याच्यामागून आणखी दोन-तीन विचारा. हा आकडा माझ्या वयाला आणि माझ्या आजाराला धरून ठीक आहे का? माझ्यासाठी लक्ष्य किती? गोळीमुळे नॉर्मल आहे की गोळीशिवाय? तपासणी पुन्हा करायची असेल तर कधी? आणि त्रास चालूच राहिला तर कोणती लक्षणं दिसल्यावर लगेच यायचं?

येताना जुने रिपोर्टही आणा, ते नॉर्मल असले तरी. हिमोग्लोबिन तीन वर्षांपूर्वी १५ होतं, गेल्या वर्षी १४.२ आणि आता १३.१ असेल, तर पन्नाशीच्या पुरुषाचे हे तिन्ही रिपोर्ट एकेकटे नॉर्मल आहेत. तिन्ही कागद शेजारी ठेवले की दिसतं, रक्त कुठेतरी हळूहळू कमी होत आहे, आणि मग मी विचारतो, शौचाचा रंग काळा असतो का, वजन उतरलं आहे का. फोनमधले रिपोर्ट दर वेळी सापडत नाहीत. एक साधी फाईल करा, तारखेप्रमाणे कागद लावा, सर्वांत नवा वर.